दोन बोटांचा उतार

प्रवचन होतं मनःशांतीवर आणि सहनशीलतेवर, आणि थोरली गेली होती गादी बघायला.

सगळी गल्ली तिला थोरलीच म्हणायची. तिचं गाद्यांचं दुकान होतं, आणि बरोब्बर समोर, रस्त्याच्या पलीकडे, तिच्या धाकट्या जावेचं. तेही गाद्यांचंच. चौदा वर्षांपूर्वी दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा मोठाल्या सुया, दाभणं, सात इकडे आणि सात तिकडे केली. कापूस तोलला. शिवणाचं लांब टेबल कुणीच सोडेना, तेव्हा सुताराला बोलावून ते मधोमध कापलं. सुतार म्हणाला, "बाई, लाकूड सोन्यासारखं आहे हो, माझा जीव होत नाही." थोरली म्हणाली, "जीव तुमच्यापाशी राहू द्या, करवत चालवा." तेव्हापासून दोन्ही दुकानांत अर्धं अर्धं टेबल. दोन पाय जुने, दोन नवे, आणि दोन्ही डुगडुगतात.

सासू तेवढी कापता आली नाही. ती उठली, आपली थैली काखेत मारली आणि रस्ता ओलांडून धाकटीकडे गेली. का, ते सांगितलं नाही. नऊ वर्षं तिकडे राहिली आणि तिकडेच डोळे मिटले.

जावाजावांत बोलणं नाही ते तेव्हापासून. भाऊभाऊ रोज न्हाव्याच्या दुकानात भेटायचे, दाढी वाढलेली असो नाहीतर नसो. ते गुपित सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. फक्त दोघी बायकांनी ते ठाऊक नाही असं धरलं होतं, कारण ठाऊक आहे म्हटलं की भांडावं लागलं असतं, आणि तेवढा वेळ कुणाकडे होता!

थोरलीचं दुखणं जुनं. सासूच्या हाताखाली दोघी शिकल्या. थोरली आधी आली, सहा वर्षं आधी. कापूस पिंजायला शिकली, थर घालायला शिकली, बोटांना भोकं पडेस्तोवर काठ बांधायला शिकली. सासू दाबून बघायची आणि म्हणायची, "बरी आहे." बस्स. बरी आहे. मग धाकटी आली, आणि तिच्या पहिल्याच उशीला सासू म्हणाली, "वा, हात हलका आहे हो पोरीचा." तो 'वा' थोरलीच्या काळजात दाभणासारखा घुसला तो घुसलाच. पस्तीस वर्षं झाली, अजून निघाला नव्हता.

तर आता झालं असं. गुरुजी येणार, गुरुजी येणार म्हणून महिनाभर गल्ली गाजत होती. मोठं नाव. त्यांचं बोलणं ऐकून लोक म्हणे घरी जाऊन भावाला मिठी मारतात. गुरुजींचं वय झालेलं, कंबर मोडकी; खुर्चीवर त्यांना जमत नाही, मऊ गादीवर तर मुळीच नाही. बुटक्या चौरंगावर घट्ट बैठक लागते. सभेचा सचिव, तो औषधांच्या दुकानाचा मालक, स्वतः गल्लीत आला. थोरलीने त्याला लांबून पाहिलं. तिने घाईघाईने टेबलावरचा पसारा आवरला, केस सारखे केले, चेहऱ्यावर 'आम्हाला फुरसत नाही' असा भाव आणला. सचिव आला, तिच्या दारासमोर थांबला, छत्री मिटली आणि वळून धाकटीच्या दुकानात शिरला.

तीन दिवस थोरली जेवली, पण गिळलं नाही म्हणा ना.

"आई, चहा तरी घ्या," सून म्हणाली.

"त्या औषधवाल्याच्या गोळ्या आजपासून बंद. माझं रक्त चढायचं असेल तिथवर चढू दे."

"अहो, त्याला काय माहीत! समोरच्या काकूंचं दुकान रस्त्याच्या सावलीच्या बाजूला आहे, म्हणून शिरला असेल."

"तू सावलीचं मला सांगू नकोस. तिच्या जिभेला मध आहे. माझ्या जिभेला दाभण."

एवढं मात्र खरं होतं. आणि आणखी एक खरं होतं, ते मात्र ती कुणाला सांगत नसे. दोन वर्षं झाली, तिच्या उजव्या अंगठ्याने संप पुकारला होता. दाभण धरलं की कळ थेट खांद्यात. भर ती घालायची, थर ती लावायची, पण काठाचे टाके सून घालायची, तेही दार अर्धं लोटून. गल्लीला कळलं असतं तर थोरली संपली असती. निदान तिला तसं वाटायचं. जिचा हात गेला तिचं काय राहिलं? जीभ. ती तर सगळ्याच म्हाताऱ्यांना असते.

म्हणून तिला जायचं होतं. गुरुजी काय बोलतात ते बोलोत. तिला बघायचं होतं की धाकटीने केलेली बैठक किती वेळ टिकते. अर्ध्या तासात भर बसणार, गुरुजी वळवळणार, आणि पाचशे माणसांसमोर दिसणार की गल्लीत हात कुणाचा आहे.

सभागृह गच्च भरलं होतं. घडीच्या खुर्च्या, वर पंखे, भिंतीला कर्णे. थोरली आणि सून अकराव्या ओळीत बसल्या. लांबचं थोरलीला घारीसारखं दिसायचं. जवळचं तेवढं धूसर झालं होतं. पहिल्या ओळीत, मधोमध, धाकटी बसलेली. नवे कपडे, केस नीट बांधलेले. सचिव वाकून तिच्याशी काहीतरी बोलला. ती हसली.

"बघ, बघ," थोरली पुटपुटली. "जणू हिच्याच घरचं कार्य."

"हळू, आई."

मंचावर चौरंग होता. चौरंगावर निळ्या खोळीतली चौकोनी बैठक. थोरलीने डोळे बारीक केले. एकदा या बाजूने मान तिरकी केली, एकदा त्या बाजूने. आणि तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते तीन दिवसांतलं पहिलं होतं.

"मागून उंच आहे!"

"काय?"

"अगं, बैठक! मागून चांगली दोन बोटं उंच आहे. पुढे उतार. छातीठोक सांगते, शिकाऊ पोर करणार नाही असलं काम. सासूबाई म्हणायच्या, ताट आणि गादी, दोन्ही सपाट हवीत. ही म्हणे त्यांची लाडकी!"

तिच्या डाव्या हाताला एक नर्सबाई बसली होती, ड्यूटीवरून थेट आलेली, पेंगेने मान कललेली. ती डोळे न उघडता म्हणाली, "मावशी, मागून जरा उंच असलं तर कंबरेला बरं पडतं."

"तुम्ही माणसांना सुया टोचता, आम्ही गादीला. आपापलं बघावं," थोरली म्हणाली. नर्सबाईने पुन्हा मान टाकली.

पुढच्या ओळीतले चष्मेवाले मास्तर मागे वळले. निवृत्त झाले तरी त्यांच्या डोळ्यांतली छडी गेली नव्हती. "बाई, प्रवचन सुरू व्हायचंय. जरा शांतता."

"सुरू झालं की शांत होऊ. आत्तापासून कशाला खर्च करायची?"

गुरुजी आले. वाळलेला, उंच, हसऱ्या डोळ्यांचा माणूस. दोघांच्या आधाराने चौरंगावर बसले. बसताना त्यांनी दात आवळले, ते थोरलीने टिपलं. मग पाय दुमडले, पाठ सरळ झाली, आणि त्यांनी एक लांब श्वास सोडला.

"लोकांना वाटतं, मला राग येत नाही," ते म्हणाले. "माझ्या स्वयंपाक्याला विचारा."

सगळे हसले. थोरली घड्याळ बघत होती. साडेपाच.

गुरुजींचा आवाज साधा होता, शेजाऱ्याशी कुंपणावरून बोलावं तसा. म्हणाले, शांती बाहेरून आणता येत नाही, ती घरातच कुठेतरी ठेवलेली असते आणि आपण सगळी कपाटं उचकतो. म्हणाले, सहन करणं म्हणजे दात आवळून बसणं नाही. समोरच्यालाही आपल्यासारखंच दुखतं हे ध्यानात असणं. थोरलीला ते बरं वाटलं. धाकटीने हे नीट ऐकायला हवं, असंही वाटलं. पावणेसहा झाले. गुरुजी हलले नाहीत.

"आता घसरतील," थोरली कुजबुजली. "बघच तू. पुढचा उतार सोडतो का!"

सहा वाजले. गुरुजींनी पाण्याचा घोट घेतला, पेला ठेवला, आणि पुन्हा तसेच बसले, रोवल्यासारखे.

"दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही," गुरुजी म्हणाले, "हे दुखणं इथे कुणाकुणाला आहे? हात वर करा."

पाचशे माणसं, एक हात वर नाही. पंखे तेवढे फिरत होते. गुरुजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःचा हात वर केला. "म्हणजे मी एकटाच," ते म्हणाले. पुन्हा हशा. थोरली हसली नाही. ती पहिल्या ओळीकडे बघत होती, धाकटीचा हात वर जातो का ते. गेला नाही. खोटारडी, थोरली मनात म्हणाली. स्वतःचे दोन्ही हात तिने मांडीखाली दाबून धरले होते.

सव्वासहा झाले तशी ती खुर्चीच्या टोकाशी सरकली. सव्वासहा! पाऊण तास झाला आणि भर बसली नव्हती. चौरंगाच्या काठाला समांतर अशी कड, जशी होती तशी. म्हाताऱ्याचा गुडघा खाली दबला नव्हता, पाठीला बाक नव्हता. याला म्हणतात हात, असं एक क्षण तिच्या मनात येऊन गेलं, आणि ते आलं म्हणून तिला धाकटीचा आणखीच राग आला. थोरलीने चाळीस वर्षं गाद्या भरल्या होत्या. तिला कळत होतं की आतले थर कुणीतरी जीव लावून घातलेत. एक उभा, एक आडवा, आणि प्रत्येक थर काठीने बसवलेला. धाकटीला एवढा धीर कधीपासून आला? कुणी शिकवलं? सासूबाईंनीच, दुसरं कोण. नऊ वर्षं तिकडे बसून लाडकीला सगळं देऊन गेली म्हातारी. मला काय दिलं? बरी आहे.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचं आहे असं तिने स्वतःला बजावलं.

"आता सगळ्यांनी डोळे मिटा," गुरुजी म्हणाले. "ज्या माणसाची आठवण झाली की घास कडू होतो, त्या एका माणसाला समोर आणा. तीन मिनिटं. फक्त त्याच्याकडे बघा. काही बोलू नका."

सगळ्या सभागृहाने डोळे मिटले. सुनेने मिटले. मास्तरांनी चष्मा काढून मिटले. नर्सबाईने तर कधीच मिटले होते. थोरलीने मिटले नाहीत. तिला त्या माणसाला मनात आणायची गरज नव्हती, ते माणूस पहिल्या ओळीत बसलं होतं.

आणि ते माणूस मागे वळून बघत होतं.

पाचशे मिटलेल्या डोळ्यांवरून धाकटी थेट अकराव्या ओळीत बघत होती. तिचा चेहरा घाबरलेला होता. चोरी करताना सापडलेल्यासारखा. दोघींची नजर भिडली. चौदा वर्षांत दोघींनी एकमेकींकडे असं सरळ पाहिलं नव्हतं. बघायच्या त्या पडद्याआडून नाहीतर गिऱ्हाइकाच्या खांद्यावरून. धाकटीचे केस पांढरे झालेत, हे थोरलीने तेव्हा पाहिलं. मग दोघींनी एकदम डोळे मिटले, शाळेतल्या पोरींसारखे.

कशाला बघत होती? थोरली मिटल्या डोळ्यांनी धुमसली. माझी जिरली का ते बघायला. दुसरं काय!

सात वाजता प्रवचन संपलं. टाळ्या थांबल्या तरी गुरुजी उठेनात. दोघेजण आधाराला पुढे झाले, त्यांना गुरुजींनी हातानेच थांबवलं.

"थांबा जरा," ते म्हणाले. "वीस वर्षं मी लोकांना शांती सांगत फिरतोय आणि वीस वर्षं माझी कंबर मला शिव्या घालतेय. आज ती दीड तास गप्प आहे. मला उठावंसंच वाटत नाही. ही बैठक कुणी केली?"

सचिव लगबगीने धाकटीकडे ध्वनिक्षेपक घेऊन धावला. लोक माना उंच करून बघू लागले. थोरलीला वाटलं, आपल्या अंगावर कुणीतरी निखारे ओततंय. तिने सुनेचा हात धरला. "चल, ऊठ. मला गुदमरतंय."

"थांबा ना आई."

"थांबून काय बघू? हिला डोक्यावर घेतील ते?"

धाकटी उभी राहिली. तिने ध्वनिक्षेपक हातात घेतला, तो कुंईऽऽ करून ओरडला, तिने तो लांब धरला. मग म्हणाली, "मी नाही केली. वरची खोळ तेवढी माझी. आतली गादी माझ्या थोरल्या जाऊबाईंनी केलेली आहे. सोळा वर्षांपूर्वी. त्या तिथे बसल्यात. अकराव्या ओळीत."

सगळं सभागृह वळलं. पाचशे तोंडं. सून म्हणाली, "आई! उभ्या राहा!" आणि थोरली बसूनच राहिली. सोळा वर्षांपूर्वी? कुठली गादी?

तिला आठवलं ते डोक्याला नाही, हाताला आठवलं. सासू घसरून पडली होती, कंबर मोडली होती, आणि तिला कशावरच बसता येत नव्हतं. थोरलीने आठ दिवस बसून एक बैठक भरली होती. सपाट केली तर म्हातारी मागे कलते, म्हणून मागे दोन बोटं उचलली होती. सासूने हात फिरवला, कपाळाला आठी घातली. "मागे उंच का? ताट आणि गादी सपाट हवी, कितीदा सांगायचं?" मग बसून बघितलं आणि म्हणाली, "बरी आहे." थोरलीला ती आठीच लक्षात राहिली होती. वाटणीनंतर ती गादी कुठे गेली ते तिने विचारलंही नाही. अडगळीत गेली असेल, उंदरांनी खाल्ली असेल.

आणि आज संध्याकाळपासून ती आपल्याच पोटच्या लेकराला नावं ठेवत बसली होती.

तेवढ्यात मास्तर वळले. चष्मा नाकावर बसवून, भल्या मोठ्या वर्गातल्या आवाजात म्हणाले, "अहो, पण तुम्हीच तर म्हणत होतात, मागून उंच आहे, शिकाऊ पोर करणार नाही असलं काम!"

आजूबाजूच्या चार ओळींनी ते ऐकलं. कुणीतरी खुदकन हसलं. सुनेने तोंडावर हात धरला. थोरली उभी राहिली. तिने मास्तरांकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत.

"मग?" ती म्हणाली. "माझी आहे. मी नावं ठेवीन. तुमचं काय जातं?"

सभागृह फुटलं. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते. गुरुजी चौरंगावर बसल्या बसल्या हलत होते, हसून. नर्सबाई जागी होऊन विचारत होती, "काय झालं? काय झालं?" आणि थोरली ताठ मानेने उभी होती, जणू सगळं असंच ठरलं होतं.

पण लोकांची गंमत बघा. टाळ्या संपल्या आणि सगळे उठून गेले ते धाकटीकडे. तिच्याभोवती ही गर्दी! एक बाई तिचा हात हातात घेऊन म्हणत होती, "केवढं मोठं मन हो तुमचं! गुरुजींसमोर आपलं नाव सोडून जावेचं घेतलंत!" दुसरी म्हणाली, "आजचं प्रवचन खरं कुणाला कळलं असेल तर यांना." सचिव तर रुमालाने डोळे टिपत होता.

थोरलीपाशी कोण आलं? मास्तर. ते म्हणाले, "उत्तर चांगलं दिलंत," आणि गेले.

थोरली सुनेला म्हणाली, "बघितलंस? गादी माझी आणि मोठं मन तिचं! कापूस मी पिंजला, आठ दिवस बोटं मी फोडली, आणि मोठेपणा कुणी नेला? एक गोष्ट आयुष्यात माझी म्हणून झाली, तीसुद्धा तिने दान केली मला. सगळ्यांदेखत! त्यापेक्षा चोरली असती तर बरं झालं असतं."

"आई, तुम्ही ऐकलंत ना आज प्रवचन?"

"ऐकलं. बहिरी नाही मी."

सभागृह हळूहळू रिकामं झालं. माणसं खुर्च्यांच्या घड्या घालू लागली, खडखड आवाज सुरू झाला. गुरुजींना आत नेलं होतं. थोरली तरातरा मंचावर चढली. धाकटी चौरंगापाशी गुडघ्यावर बसून बैठक कापडात गुंडाळत होती.

"उघड ते," थोरली म्हणाली. चौदा वर्षांतला पहिला शब्द.

धाकटीने मुकाट्याने कापड उलगडलं. थोरलीने खोळीच्या आत हात घातला. काठ लागला. तिचाच काठ, प्रत्येक चौथ्या टाक्याला एक गाठ, दोरा तुटला तरी उसवू नये म्हणून. हे सासूने शिकवलं नव्हतं, तिचं तिने काढलं होतं. मधे मात्र एक खळगा होता. एका माणसाने रोज बसून पाडलेला.

"हा खळगा कुणाचा?"

"सासूबाईंचा. कुणाचा असणार! थैलीत ही एकच वस्तू घेऊन आल्या होत्या त्या माझ्याकडे. नऊ वर्षं दुसऱ्या कशावर टेकल्या नाहीत."

थोरलीची बोटं खळग्याच्या कडेवरून फिरली. हात तसाच आत होता.

"मला तशी करायला लावली त्यांनी," धाकटी म्हणाली, आणि आता तिच्या आवाजातला मध संपला होता. "सात केल्या मी. मोजून सात. सातही परत केल्या. उतार येत नाही म्हणायच्या. थोरलीच्या हाताला कळतं, तुझ्या हाताला कळत नाही. रोज. जेवताना, झोपताना. थोरली अशी भरायची, थोरली तशी भरायची. सांभाळलं मी, हगलं-मुतलं मी काढलं, आणि नाव कुणाचं? तुमचं! कितीदा वाटलं, ही गादी पेटवून द्यावी."

"मग मला कधी सांगितलं का नाहीस?"

"मी सांगू? मी कशाला सांगू? मी काय वेडी आहे?"

हे उत्तर थोरलीला पटलं. तिच्याही हातून दुसरं काही झालं नसतं.

"म्हणजे आज तुला एकदम उमाळा आला होय मोठ्या मनाचा?"

"कसलं मोठं मन!" धाकटी फणकारली. "आठवी करून पाहिली गुरुजींसाठी, तीही बिघडली. दिवस उरले नाहीत, म्हणून हीच काढली आणि खोळ चढवली. म्हटलं, कोण ओळखतंय! आणि तुम्ही येऊन बसलात. बसलात ते बसलात, दीड तास बैठकीवरून नजर काढली नाहीत. मला वाटलं, ओळखलीत. आता सगळ्यांसमोर उठून बोंब मारणार. मी मागे वळून बघत होते, उठताय का ते. तेवढ्यात गुरुजींनी विचारलं. म्हटलं, तुम्ही ओरडायच्या आत आपणच सांगून टाकावं."

थोरलीने खोळीतून हात बाहेर काढला.

"म्हणजे भीतीने."

"मग काय प्रेमाने?"

"सहनशीलता वगैरे काही नाही?"

"तुमच्याबाबतीत? या जन्मी?"

"असं बोल की मग!" थोरली म्हणाली, आणि तिने चौरंगावर बैठक मारली, त्याच गादीवर. चौदा वर्षांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं. मोठं मन नव्हतं ते. आपल्यासारखंच होतं, मापात.

सचिव आतून आला. म्हणाला, गुरुजींना ही बैठक बरोबर न्यायची आहे, परवा सकाळी निघतात.

"ही नाही मिळणार," दोघी एकदम म्हणाल्या. सचिव दचकला.

"ही सासूबाईंची आहे," धाकटी म्हणाली.

"नवीन करून देऊ, उद्या संध्याकाळी घेऊन जा," थोरली म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिला अंगठा आठवला. सचिव मान डोलावून गेला. थोरलीने हात हळूच मागे घेतला.

थोरली उठली तशी धाकटी बैठक गुंडाळत, खाली मान घालून म्हणाली, "अंगठा वळत नाही ना? दार अर्धं लोटलं तरी समोरून दिसतं."

थोरलीला वाटलं, हिच्या एक कानाखाली द्यावी. पण धाकटी पुढे म्हणाली, "भर तुम्ही घाला. काठ मी बांधते. आणि... तो उतार मला दाखवा. सात वेळा हरलेय मी. आठवी तर कुणाला दाखवलीसुद्धा नाही."

थोरलीने गुंडाळलेली बैठक डाव्या हाताने चापून बघितली. खुर्च्यांचा खडखडाट थांबला होता. सून मंचाखाली उभी होती.

"तो बघून येत नाही," शेवटी थोरली म्हणाली. "हाताखाली बसावं लागतं. सकाळी आठ वाजता. कापूस तुझा आण, माझा महाग आहे. आणि उशीर केलास तर दार बंद. पूर्ण बंद, अर्धं नाही."

"येते," धाकटी म्हणाली.

घरी जाताना सून खुशीत होती. "बघा आई, गुरुजींच्या बोलण्याचा गुण!"

थोरली हुं म्हणाली. तिच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. हात हलका आहे पोरीचा, सासूबाई म्हणाल्या होत्या, आणि सासूबाई उगीच बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. हलक्या हाताला एकदा उतार कळला म्हणजे? एका सकाळीत शिकली म्हणजे? मग थोरलीजवळ काय उरलं?

तिने तिथल्या तिथे ठरवलं. दुपारपर्यंत नुसता कापूस पिंजायला लावायचा. मग थर. उतार अगदी शेवटी, उन्हं कलताना, तोही धाकटीने स्वतः विचारला तर.

आणि विचारलाच, तर आधी एकच बोट दाखवायचं.